डंक बघायचा तर पाय बघा

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून १० फुटांवर, म्हणजे ३०५ सेंटिमीटरवर असते. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत सज्जाच्या कठड्याला टोपल्या ठोकल्या आणि तो कठडा नेमका तेवढ्या उंचीवर होता. पुढे खेळाडू उंच होत गेले, नियम बदलले, टोपलीची लोखंडी रिंग झाली, पण उंची तीच राहिली. त्यामुळे डंक, म्हणजे उडी मारून चेंडू हातानेच वरून रिंगमध्ये घालणं, १९७६ चा असो की २०२४ चा, एकाच मापाने मोजता येतो.

हे माप नीट समजून घेऊ. रिंगचा आतला व्यास ४५.७ सेंटिमीटर आणि चेंडूचा साधारण २४. रिंगला बोटं लागली म्हणजे डंक जमला असं नाही. चेंडू काठावरून आत ढकलायला बोटांची टोकं रिंगच्या निदान १५ सेंटिमीटर वर, म्हणजे ३२० पर्यंत जावी लागतात. टाचा टेकवून सरळ उभं राहून हात वर केला की माणसाची पोच त्याच्या उंचीच्या साधारण १.३३ पट भरते. १८३ सेंटिमीटरच्या, म्हणजे सहा फुटी खेळाडूची पोच २४३ च्या आसपास, म्हणून त्याला ७७ सेंटिमीटरची उडी हवी. १९८ सेंटिमीटरच्या मायकेल जॉर्डनला त्याच हिशेबाने ५७ पुरतात. आणि १७० सेंटिमीटरही न भरणाऱ्या स्पड वेबला ९५ च्या पुढे जावं लागतं.

‘सर्वांत मोठा डंकर कोण’ हा वाद बहुतेक वेळा रिंगपाशी काय झालं यावरच चालतो. चेंडू किती फिरवला, किती जोरात आपटला, समोरचा कसा कोसळला. माझं मत असं की डंक रिंगपाशी ठरतच नाही. तो शेवटच्या दोन पावलांत ठरतो, हवेत फक्त दिसतो. म्हणून माझी क्रमवारी पायांपासून सुरू होते.

उडी दोन तऱ्हेची. एका पायावरची आणि दोन पायांवरची. एका पायावरच्या उडीत पळण्याचा वेग वर वळवायचा असतो. उजव्या हाताचा खेळाडू डाव्या पायावर उडतो. शेवटून दुसरं पाऊल लांब पडतं आणि कंबर खाली जाते. शेवटचं पाऊल आखूड, झटपट, आणि शरीराच्या थोडं पुढे पडतं. तो पाय खांबासारखा ताठ राहतो आणि त्याच्यावरून सगळं शरीर वर फेकलं जातं. दोन पायांच्या उडीत वेगापेक्षा मांड्यांची आणि कमरेची ताकद जास्त लागते. इथे उजवं पाऊल आधी, डावं नंतर, डाव्या पायाचा चवडा थोडा आतल्या बाजूला वळलेला, खांदे बाजूला, आणि दोन्ही हात मागून पुढे झोकलेले.

चुका होतात त्या इथेच. एका पायावर उडताना शेवटचं पाऊल लांब पडलं की ब्रेक लागतो आणि वेग गुडघ्यात जिरतो. ते फारच आखूड पडलं की जोर लावायच्या आत शरीर पायाच्या पुढे निघून जातं. मग उडी लांब होते, उंच होत नाही, आणि खेळाडू रिंगच्या खालून निघून जातो. झेपेपेक्षा जास्त वेगाने आलात तर गुडघा वाकून बसतो. दोन पायांच्या उडीतली नेहमीची चूक म्हणजे दोन पावलांमध्ये थांबणं. पहिलं आणि दुसरं पाऊल ‘टप-टप’ असं लागोपाठ पडायला हवं. मध्ये क्षणभर रेंगाळलात तर स्नायूंत साठलेला ताण वाया जातो.

चेंडू हातात आला की हे सगळं आणखी अवघड होतं, कारण हातांचा झोका अडतो. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) संपवून चेंडू उचलल्यावर दोन पावलं मिळतात. म्हणून शेवटचा ड्रिबल जोरात आणि थोडा पुढे मारायचा, म्हणजे लांब पाऊल पडताना चेंडू आपसूक कमरेपाशी येतो. तो उशिरा वर आला की नजर चेंडूवर जाते, आणि नजर खाली गेली की खांदेही खाली जातात.

आता माणसांकडे वळू.

एका पायाच्या घराण्याचा मूळ पुरुष ज्युलियस एर्व्हिंग. २७ जानेवारी १९७६ रोजी डेन्व्हरमध्ये एबीए या तेव्हाच्या दुसऱ्या लीगचा ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंचा, सामना होता. मध्यंतरात डंकची स्पर्धा ठेवली होती. एर्व्हिंगसोबत आर्टिस गिलमोर, जॉर्ज गर्व्हिन, लॅरी केनन आणि घरचा खेळाडू डेव्हिड थॉम्पसन होते. एर्व्हिंग फ्री थ्रो लाइनपासून, म्हणजे फाउलनंतरचे मोकळे फेक घेतात त्या रेषेपासून, उलटा मोठाली पावलं टाकत मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे गेला, वळला, पळत आला आणि रेषेवरून उडाला. पाय रेषेला लागला होता, पण माझ्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही. त्याच वर्षी एबीएचे चार संघ एनबीएत सामावले आणि ही उडीही त्यांच्याबरोबर तिकडे गेली.

थॉम्पसनबद्दल दोन शब्द हवेतच. तो १९३ सेंटिमीटरचा होता आणि उडीसाठी ‘स्कायवॉकर’ म्हणून ओळखला जायचा. पण कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९६७ ते १९७६ डंकवर बंदी होती आणि त्याचं सगळं कॉलेज त्या बंदीत गेलं. सहकाऱ्याने उंच दिलेला पास तो रिंगच्या वर झेलायचा आणि मग चेंडू हलकेच आत सोडायचा. १९७५ मध्ये घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात त्याने डंक मारला आणि पंचांनी त्याला टेक्निकल फाउल, म्हणजे नियम मोडल्याचा दंड, दिला. त्या नऊ वर्षांत किती चांगले डंक कुणी पाहिलेच नाहीत, याची हळहळ मला अजून वाटते.

रेषेवरच्या डंकचं गणित मांडण्यासारखं आहे. फ्री थ्रो लाइन रिंगमागच्या बोर्डापासून ४.५७ मीटरवर आणि रिंगचा मध्य बोर्डापासून ३८ सेंटिमीटरवर, म्हणजे रेषेपासून रिंगचा मध्य ४.१९ मीटर. पाय जमीन सोडतो तेव्हा शरीर पायाच्या साधारण ४० सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं आणि डंकच्या क्षणी हात आणखी ५० पुढे असतो. उरले सुमारे ३.३ मीटर. हवेत पुढचा वेग सेकंदाला ६ मीटर असेल तर त्यांना ०.५५ सेकंद लागतो. एक मीटर उडीचा माथा ०.४५ सेकंदाला येतो, म्हणजे खेळाडू तिथे पोचतो तेव्हा माथ्यावरून जेमतेम ५ सेंटिमीटर उतरलेला असतो. वेग ६ चा ५ झाला तर ०.६६ सेकंद लागतो आणि तोवर तो २१ सेंटिमीटर खाली आलेला असतो. मग चेंडू रिंगच्या पुढच्या काठावर आपटतो. सरावात रेषेवरून मारलेले डंक पुढच्या काठावर आपटत असतील, तर उडी वाढवायच्या आधी धाव तपासा.

जॉर्डन हवेत ‘थांबायचा’ असं सगळे म्हणतात. थांबत कुणीच नाही. एक मीटर उडीला जमीन सोडून परत टेकेपर्यंत ०.९ सेकंद लागतो, आणि त्यातला ७१ टक्के वेळ वरच्या अर्ध्या उंचीत जातो. ही गणिताची देणगी प्रत्येक उडीला मिळते. जॉर्डनची करामत वेगळी होती. वर जाताना तो गुडघे पोटाकडे घ्यायचा आणि उतरताना पाय खाली सोडायचा. त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य वर-खाली होत असला तरी डोकं जवळजवळ एकाच पातळीत सरकायचं. आपण डोकं बघत असतो, म्हणून तो तरंगतोय असं वाटतं.

१९८८ ची शिकागोतली एनबीएची डंक स्पर्धा त्याने १४७ विरुद्ध १४५ ने जिंकली. शेवटी रेषेवरून उडून ५० पैकी ५० गुण घेतले. दुसऱ्या बाजूला डॉमिनिक विल्किन्स होता आणि त्याच्या शेवटच्या डंकला ४५ मिळाले. ते ४५ मला कधीच पटले नाहीत. विल्किन्स २०३ सेंटिमीटरचा, अटलांटा हॉक्सचा, १९८५ आणि १९९० चा विजेता, आणि दोन पायांवरच्या उडीचा सर्वांत मोठा उस्ताद. त्याचा विंडमिल पाहा. दोन्ही पाय जमिनीवर जवळजवळ एकदम पडतात, चेंडू कमरेपाशी, तिथून हात मागे, खाली आणि वर असं पूर्ण वर्तुळ काढतो आणि चेंडू रिंगमध्ये कोसळतो. दोन पायांवरून उडायला पळायची जागा लागत नाही, म्हणून तो हे डंक गर्दीत, दोघातिघांच्या मधून, भर सामन्यात मारायचा. एका पायावर उडणाऱ्याला मोकळा रस्ता हवा असतो. विल्किन्स रस्ता नसला तरी वर जायचा. डोळ्याला मात्र तरंगणं जास्त भुलवतं, म्हणून जॉर्डनची छायाचित्रं भिंतीवर लागली आणि विल्किन्स मागे पडला.

विंडमिलमध्ये चेंडू निसटत कसा नाही? चेंडू वर्तुळात फिरवायचा तर हाताने त्याला सतत वर्तुळाच्या मध्याकडे ढकलावं लागतं. तळवा किंवा पुढचा हात चेंडूच्या बाहेरच्या बाजूला असेल आणि फिरण्यात खंड पडला नाही, तर चेंडू हाताला चिकटून राहतो. म्हणूनच चेंडू मनगट आणि पुढच्या हाताच्या बेचक्यात धरतात. त्यासाठी फार मोठा पंजा लागत नाही. वर्तुळ मध्येच मंदावलं की चेंडू गळतो. सगळ्यात जास्त वेळा तो हात मागे गेलेला असताना, दिशा बदलते त्या क्षणी सुटतो. एर्व्हिंगने जानेवारी १९८३ मध्ये लेकर्स संघाच्या मायकेल कूपरच्या डोक्यावरून मारलेला डंक याचा उत्तम धडा आहे. चेंडू बेचक्यात, पाळणा हलवावा तसा हात एकदा मागे आणि मग सलग वर.

मोठा पंजा नसेल तर काय करायचं ते स्पड वेबने १९८६ मध्ये डलासला दाखवलं. त्या वर्षी त्याने आपल्याच संघातल्या, आदल्या वर्षीच्या विजेत्या विल्किन्सला हरवलं. चेंडू एका हातात पकडून ठेवणं त्याला जमत नव्हतं, म्हणून तो चेंडू आधी जमिनीवर किंवा बोर्डावर आपटायचा आणि वर झेलायचा. पळताना आणि उडताना दोन्ही हात मोकळे, झोका पूर्ण. बुटक्या खेळाडूंना माझा पहिला सल्ला तोच. चेंडू घेऊन उडू नका, चेंडू वर गाठा. अडचण फक्त वेळेची. चेंडू उसळून खाली यायला लागल्यावर नाही, माथ्यावर असताना हाताला लागला पाहिजे. पुढे १७५ सेंटिमीटरच्या नेट रॉबिन्सनने २००६, २००९ आणि २०१० अशी तीन विजेतेपदं घेतली, आणि २००६ मध्ये तर खुद्द वेबच्या वरून उडी मारली. पण त्याच संध्याकाळी एका डंकसाठी त्याला १४ प्रयत्न करू दिले, तो परीक्षकांचा कमकुवतपणा होता. उडीतली ताकद तीन-चार जोरदार प्रयत्नांतच ओसरते, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात मारलेल्या डंकला जास्त मान मिळायला हवा.

ताकदीचे डंकर मी वेगळ्या रांगेत बसवतो. २११ सेंटिमीटरच्या डॅरिल डॉकिन्सने १३ नोव्हेंबर १९७९ ला कॅन्सस सिटीत आणि ५ डिसेंबरला घरच्या मैदानावर बोर्डाच्या काचा फोडल्या आणि आपल्या डंकना लांबलचक नावं दिली. रिंग तेव्हा पक्की जखडलेली असायची. लटकणाऱ्या माणसाचा सगळा हिसका काचेवर जायचा, आणि कडक केलेली काच एका ठिकाणी तडकली की सगळीच चुरा होते. यावर उपाय काढला इलिनॉयमधल्या धान्यकोठारावर काम करणाऱ्या आर्थर एराट यांनी. शेतातल्या कल्टिव्हेटरची जाड स्प्रिंग रिंगच्या मुळाशी बसवली, म्हणजे ठरावीक भार आला की रिंग खाली झुकते आणि सोडल्यावर परत जागेवर येते. १९८२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशी रिंग ८२ ते १०५ किलो भाराला सुटली पाहिजे. तरीही १९९३ मध्ये, पहिल्याच हंगामात, शकील ओनीलने फिनिक्सला बोर्डाचा पूर्ण सांगाडा खाली बसवला आणि न्यू जर्सीत बोर्ड उखडून काढला. त्यानंतर लीगने सांगाडे मजबूत करून घेतले.

इथे एक कळकळीची सूचना. मुंबई-पुण्यापासून तालुक्यापर्यंत आपल्याकडच्या बहुतेक शाळांच्या आणि सार्वजनिक मैदानांवर स्प्रिंगची रिंग नसते. लोखंडी रिंग बोर्डाला बोल्टने घट्ट बसवलेली असते आणि खाली सिमेंट असतं. तिथे लटकू नका. रिंग वाकते, बोल्ट ढिले होतात आणि पुढच्या मुलाच्या डोक्यावर बोर्ड येतो. बोटात अंगठी असेल तर ती जाळीच्या हुकात अडकून बोट सोलवटतं, ती आधी काढून ठेवा. मग एनबीएतले खेळाडू रिंग धरतात ती कशासाठी? पुढच्या वेगाने आलेल्या माणसाचे हात रिंगपाशी थांबतात, पाय पुढेच जात राहतात. त्याच क्षणी हात सुटला तर तो पाठीवर पडतो. म्हणून झोका परत येऊन पाय खाली लोंबेपर्यंत धरायचं आणि मग दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायचं. त्याहून जास्त वेळ लटकलात तर टेक्निकल फाउल आहेच, खाली कुणी असल्याने इजा टाळायची असेल तेवढा अपवाद.

शॉन केम्पचं नाव ताकदीच्या रांगेत घेतात, पण २०८ सेंटिमीटरच्या त्या माणसाची पावलं गार्डसारखी, म्हणजे संघातल्या बुटक्या चपळ खेळाडूसारखी, हलकी होती. १९९२ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, ऑल्टन लिस्टरवर मारलेला त्याचा डंक जोरासाठी लक्षात राहिला, मी मात्र पावलांची चाल बघायला त्याची चित्रफीत लावतो.

महिलांच्या डंकबद्दल फार कमी लिहिलं जातं. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमधला पहिला डंक ३० जुलै २००२ रोजी लॉस एंजेलिसच्या लिसा लेस्लीने मारला. मोकळ्या रस्त्यावर, एका पायावर, एका हाताने. ब्रिटनी ग्रायनरने २०१३ मध्ये पहिल्याच सामन्यात दोन मारले. महिलांचा चेंडू थोडा लहान असतो, रिंग मात्र तेवढ्याच उंचीवर असते.

अलीकडच्यांत २०१६ ची टोरंटोतली लढत सगळ्यांत वरची. झॅक लव्हीन फ्री थ्रो लाइनजवळून एका पायावर उडून चेंडू पायांखालून फिरवत होता, तर आरन गॉर्डनने संघाच्या सोंगाड्याच्या, म्हणजे मॅस्कॉटच्या, डोक्यावरचा चेंडू उचलून दोन्ही पायांखालून काढला. शेवटी लव्हीन २००, गॉर्डन १९७. तांत्रिकदृष्ट्या हे दोघे एर्व्हिंग-जॉर्डनच्या पुढे गेले, यात मला शंका नाही. मॅक मॅक्लंगने २०२३ ते २०२५ सलग तीन वर्षं स्पर्धा जिंकून दाखवली, आणि तो जेमतेम १८८ सेंटिमीटरचा आहे. पण या तिघांनाही मी पहिली जागा देत नाही, कारण स्पर्धेत पावलं आपली आपण मोजून ठेवता येतात. सामन्यात समोरचा माणूस ती मोडतो.

पहिली जागा व्हिन्स कार्टरची. एकाच वर्षी, २००० साली, त्याने दोन्ही परीक्षा दिल्या. फेब्रुवारीत ओकलंडच्या स्पर्धेत पहिलाच डंक म्हणजे पूर्ण गिरकी घेऊन विंडमिल, आणि तीही बहुतेक खेळाडू वळतात त्याच्या उलट दिशेने. मग बोर्डाच्या मागून येऊन विंडमिल. मग ट्रेसी मॅकग्रेडीने टप्पा देऊन फेकलेला चेंडू हवेत पायांखालून. मग चेंडू आत घालून हात कोपरापर्यंत रिंगमध्ये अडकवून लटकणं, म्हणजे बोटांची नव्हे तर कोपराची उंची रिंगपर्यंत. शेवटचा डंक रेषेच्या एक पाऊल आतून, दोन्ही हातांनी. लोक म्हणतात, रेषा चुकली. पण दोन हातांनी मारताना एक खांदा वर उचलून पोच वाढवता येत नाही, काही सेंटिमीटर तिथेच जातात. एका पायावर, दोन पायांवर, लांबून, जागेवरून, गिरकी घेऊन, सगळ्या प्रकारांत पावलं सारखीच शांत.

आणि २५ सप्टेंबरला सिडनी ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्धचा सामना. कार्टरने पास अडवला आणि रिंगकडे निघाला. वाटेत २१८ सेंटिमीटरचा फ्रेडरिक वाइस उभा. वळायला जागा नाही, मोजलेली पावलं नाहीत, दुसरा प्रयत्न नाही. कार्टर त्याच्या डोक्यावरून गेला, पाय फाकवून, आणि डंक मारून पलीकडे उतरला. फ्रेंच वृत्तपत्रांनी त्याला ‘मृत्यूचा डंक’ म्हटलं. ती चित्रफीत पुन्हा लावाल तेव्हा वाइसकडे बघू नका. चेंडू हातात आल्यापासून जमीन सुटेपर्यंतची कार्टरची पावलं तेवढी बघा, शक्य असेल तर वेग निम्मा करून.